शून्य ते एक, शून्य ते दोन

माझ्या मावसबहिणीची जिवाभावाची मैत्रीण एकोणिसाव्या वर्षी गेली. आजारपण लांबलेलं होतं, त्यामुळे ‘अचानक’ म्हणायचीही सोय नव्हती. दोन दिवसांनी बहिणीनं व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं. कॉलेजच्या गॅदरिंगमधला दोघींचा फोटो आणि खाली इंग्रजीत दोन ओळी. अनंतांतही लहानमोठं असतं, शून्य ते एकमधल्या संख्यांपेक्षा शून्य ते दोनमधल्या संख्यांचं अनंत मोठं असतं, अशा अर्थाच्या.

मी गणितात एम.एस्सी. केलंय आणि अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतो. चुकीचं गणित दिसलं की माझा हात लाल पेनाकडे जातो, आणि पेन नसेल तर कीबोर्डकडे. मी तिला लिहिलं, ‘हे चूक आहे गं. शून्य ते एक आणि शून्य ते दोन, दोन्हीकडे संख्या अगदी सारख्याच असतात. सिद्ध करता येतं.’ खाली एका व्हिडिओची लिंकही चिकटवली.

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर रात्री एकच्या पुढे आलं.

‘सारख्याच असतील तर मला कमी का वाटतंय, दादा?’

यावर मी हात जोडलेला इमोजी पाठवला. त्या इमोजीची लाज मला अजून वाटते. पण इमोजीपेक्षाही तो प्रश्न जास्त टोचत राहिला. कारण प्रश्न गणिताचा होता आणि गणित शिकवणाऱ्याला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं. ते शोधण्यासाठी आधी मी ज्या पुस्तकातून त्या ओळी आल्या ते पुस्तक वाचलं. हा लेख म्हणजे त्या पुस्तकातल्या एका परिच्छेदाची उशिरा केलेली समीक्षा आहे, आणि थोडीफार माझ्या मेसेजचीही.

पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. जॉन ग्रीनची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ ही कादंबरी २०१२ साली आली. २०१४ मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला आणि २०२०मध्ये ‘दिल बेचारा’ हा हिंदी अवतार. सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर प्रदर्शित झालेला तो त्याचा शेवटचा सिनेमा, त्यामुळे ज्यांनी कादंबरी वाचली नाही त्यांनाही गोष्ट ठाऊक असते. हेझल सोळा वर्षांची आहे, तिला कॅन्सर आहे, नळकांडं घेऊन हिंडते. ऑगस्टस सतरा वर्षांचा आहे, कॅन्सरपायी त्याचा एक पाय गेलाय. दोघं प्रेमात पडतात. हेझलच्या आवडत्या कादंबरीचा लेखक पीटर व्हॅन हाउटन अ‍ॅमस्टरडॅमला राहतो. त्याला भेटायला दोघं तिथवर जातात. तो माणूस दारुडा आणि तुसडा निघतो. त्यांच्या एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर देत नाही. उलट झेनोचं कासव, मग कॅन्टर, मग अनंतांतलं लहानमोठं असं काहीबाही बोलत सुटतो.

पुढे ऑगस्टसचा आजार उलटतो. आपल्यामागे आपल्याबद्दल लोक काय बोलतील ते त्याला जिवंतपणीच ऐकायचं असतं. म्हणून हेझल त्याच्यासमोरच त्याचं मृत्युपश्चातचं भाषण वाचते. आपल्या गोष्टीबद्दल नीट बोलणं आपल्याला जमणार नाही, म्हणून आपण गणिताबद्दल बोलू, असं म्हणून ती सुरुवात करते. शून्य ते एकच्या मध्ये अनंत संख्या आहेत. शून्य ते दोनच्या मध्ये त्याहून मोठं अनंत. शून्य ते दहा लाखांच्या मध्ये आणखी मोठं. आपल्याला मिळणाऱ्यापेक्षा जास्त संख्या हव्या होत्या, तुला तर त्याहून जास्त मिळायला हव्या होत्या, पण जे छोटंसं अनंत वाट्याला आलं त्याबद्दल मी ऋणी आहे, असा त्या भाषणाचा सूर आहे.

कादंबरीचा सगळा भार या एका परिच्छेदावर आहे. लोकांनी टी-शर्टवर छापला तो हा, मनगटावर गोंदवला तोही हाच. आणि नेमका हाच गणितात चुकलाय. म्हणजे अनंतांमध्ये लहानमोठं असतं हे विधान बरोबर आहे. त्यासाठी दिलेलं उदाहरण चूक आहे.

का चूक आहे ते आधी पाहू. त्यासाठी काहीही पाठ असायची गरज नाही.

लग्नाच्या पंगतीत पानं मांडलीत आणि माणसं बसलीत. पानं किती, माणसं किती, हे न मोजताही दोन्ही सारखी आहेत की नाहीत ते सांगता येतं. एकही पान रिकामं नाही, एकही माणूस उभा नाही, एका पानावर दोघं बसलेले नाहीत. मग दोन्ही सारखी. याला गणितात एकास एक संगती म्हणतात. गेऑर्ग कॅन्टर नावाच्या जर्मन गणितज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या घरगुती कल्पनेला एक धाडसी वळण दिलं. पंगत कधीच न संपणारी असली तरी हाच नियम लावायचा, असं त्यानं ठरवलं. जोड्या लागल्या तर दोन्ही बाजू सारख्या, मग मनाला कितीही खटकलं तरी चालेल.

खटकतं हे खरंच. १, २, ३, ४ अशा सगळ्या संख्या घ्या आणि त्यांच्यासमोर त्यांचे वर्ग मांडा: १, ४, ९, १६. प्रत्येक संख्येला तिचा एक वर्ग मिळतो, प्रत्येक वर्गाला त्याची एक संख्या. म्हणजे दोन्ही सारख्या. पण वर्गसंख्या तर सगळ्या संख्यांमधल्याच मोजक्या काही आहेत! गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या ग्रंथात हे कोडं मांडलं आणि निष्कर्ष काढला की अनंताच्या बाबतीत ‘जास्त’, ‘कमी’, ‘समान’ हे शब्दच वापरू नयेत. कॅन्टरनं ते वापरायचं ठरवलं, आणि भाग हा संपूर्णाएवढा असू शकतो ही किंमत चुकती केली.

आता शून्य ते एक. एक रबरबँड कापून सरळ करा. एक टोक शून्य, दुसरं एक. मधला प्रत्येक बिंदू ही एक संख्या. आता तो दुप्पट ताणा. जो बिंदू अर्ध्यावर होता तो एकवर गेला, जो पाववर होता तो अर्ध्यावर. ताणताना कुठला बिंदू नव्यानं जन्माला आला नाही, कुठला हरवला नाही. शून्य ते एक आणि शून्य ते दोन यांच्यात प्रत्येकाला प्रत्येक मिळाला. दहा लाखांपर्यंत ताणा, तेच होणार. म्हणजे हेझलची तिन्ही अनंतं एकाच मापाची आहेत.

मग कॅन्टरला लहानमोठं सापडलं ते कुठे? १८७४ साली त्यानं दाखवलं की १, २, ३ अशा सगळ्या मोजसंख्या एका बाजूला आणि रेघेवरचे सगळे बिंदू दुसऱ्या बाजूला ठेवले तर जोड्या लागूच शकत नाहीत. १८९१ मध्ये त्यानं एक आणखी सुटसुटीत युक्ती दिली. माझ्या मते बुद्धिमान बारावीच्या मुलाला मंत्रमुग्ध करायला तेवढी एक पुरते. समजा, कुणी दावा केला की शून्य ते एकमधल्या सगळ्या संख्यांची यादी माझ्या फोनमध्ये आहे. पहिली, दुसरी, तिसरी, अशी न संपणारी यादी, आणि प्रत्येक संख्या दशांश चिन्हापुढे न संपणाऱ्या अंकांत लिहिलेली. आपण एक नवी संख्या बनवायची. तिचा पहिला अंक ठरवताना यादीतल्या पहिल्या संख्येचा पहिला अंक पाहायचा. तो ५ असेल तर ६ लिहायचा, नसेल तर ५. दुसरा अंक ठरवताना दुसऱ्या संख्येचा दुसरा अंक पाहायचा. असंच पुढे. तयार होणारी संख्या पहिलीपेक्षा पहिल्या अंकात वेगळी, दुसरीपेक्षा दुसऱ्या अंकात वेगळी, हजारावीपेक्षा हजाराव्या अंकात वेगळी. म्हणजे ती यादीत कुठेच नाही. यादी कुणाचीही असो, कितीही हुशारीनं केलेली असो, काहीतरी बाहेर राहणारच. पंगत अनंत असूनही माणसं उभी राहतात.

हे खरं मोठं अनंत. आणि कॅन्टरनं दाखवलं की ही शिडी इथे थांबत नाही. कुठल्याही अनंतापेक्षा मोठं अनंत बनवता येतं.

आता कादंबरीकडे परत या. हेझल दाखल्यादाखल ज्या संख्या उच्चारते त्या एक-दोन-तीन अंकांत संपणारे साधे दशांश आहेत. तसल्या संपणाऱ्या दशांशांची यादी करता येते: आधी एका अंकाचे सगळे, मग दोन अंकांचे, मग तीन. म्हणजे तोंडानं ती मोठ्या अनंताबद्दल बोलते आणि उदाहरणं मात्र सगळ्यात लहान अनंतातली देते. व्हॅन हाउटनचं झेनो-कॅन्टर प्रकरणही असंच डळमळीत आहे. अकिलीस कासवाला कसा गाठतो हे समजायला अनंताची लहानमोठी मापं लागत नाहीत. टप्पे अनंत असले तरी त्यांची बेरीज ठरावीक अंतराइतकीच भरते, एवढं पुरतं. आणि त्या गोष्टीतले टप्पे पहिला, दुसरा, तिसरा असे मोजता येण्याजोगेच आहेत. लेखक कॅन्टरला दारापर्यंत आणतो आणि आत न घेताच परत पाठवतो.

यावर पुस्तकाच्या बाजूनं एक युक्तिवाद करता येतो, आणि तो मला मान्य आहे. हेझल गणितज्ञ नाही. ती सोळा वर्षांची आहे आणि तिनं हे एकदाच, एका झिंगलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलंय. तिनं ते चुकीचं लक्षात ठेवणं स्वाभाविक आहे. पात्राच्या चुकीबद्दल कादंबरीचे गुण कापायचे नसतात. तसं करायचं तर अर्धं साहित्य नापास होईल.

माझी तक्रार वेगळी आहे. चुकीच्या उदाहरणापेक्षा बरोबर उदाहरण त्या प्रसंगाला जास्त शोभलं असतं. कॅन्टरनं शोधलेलं खरं लहानमोठं काय सांगतं ते पुन्हा बघा. एका बाजूला १, २, ३, ४ अशी कधीच न संपणारी मोजणी. दुसऱ्या बाजूला शून्य ते एक एवढासा तुकडा. आणि मोठं अनंत आहे ते त्या तुकड्यातलं! एखाद्याला कधीच न संपणारे दिवस मिळाले, तरी त्या दिवसांची संख्या, दोन माणसांनी एकत्र घालवलेल्या एका दुपारच्या क्षणांपेक्षा कमी भरते. काळ रेघेसारखा सलग आहे असं धरलं तर हे अलंकारिक बोलणं नाही, थेट निष्कर्ष आहे. हेझलला हवं होतं ते सगळं यात होतं. ‘छोटंसं अनंत’ म्हणून जे ती नम्रपणे स्वीकारते, ते अमरांच्या दिनदर्शिकेपेक्षा मोठं निघालं असतं. लेखकाच्या हाताशी हिरा होता आणि त्यानं काच वापरली.

मेसेज पाठवल्यानंतरच्या महिन्यात मी या शोधावर फार खूश होतो. बहिणीला हे सांगायचं, मग तिला बरं वाटेल, असा बेत होता. ती घरी आली तेव्हा चहा घेता घेता मी रबरबँडपासून दुपारपर्यंत सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग तिनं विचारलं, ‘तुझा रबर उलटाही जाईल ना? शून्य ते एक ऐवजी शून्य ते अर्धा?’

मी म्हटलं, जाईल.

‘शून्य ते एक सेकंद?’

तोही जाईल.

‘म्हणजे ती चौदाव्या वर्षी गेली असती तरी सारखंच. नव्वदाव्या वर्षी गेली असती तरी सारखंच.’ तिनं कप खाली ठेवला. ‘मग हे काय सांत्वन झालं?’

मला वाटतं, या परिच्छेदावरची सगळ्यात चांगली टीका तिनंच केली. कॅन्टरचं माप गरजेपेक्षा जास्त सिद्ध करतं. एक वर्ष आणि ऐंशी वर्षं सारखी ठरवणारं माप, एक वर्ष जगलेल्याला दिलासा देत नाही. ते फरक ओळखूच शकत नाही, एवढंच. जो तराजू सगळ्यांचं वजन एकच दाखवतो, त्यानं तुम्हाला भरघोस ठरवलं म्हणून खूश व्हायचं नसतं.

आणि असला दिलासा आपल्याला परका नाही. आपल्याकडे माणूस गेला की वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत तो ‘अनंतात विलीन’ होतो. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांनी बीजगणितात शून्यानं भागलेल्या राशीला ‘खहर’ म्हटलं. तीत काही मिळवा किंवा तीतून काही काढा, ती बदलत नाही. आणि त्यासाठी दाखला दिला तो अच्युताचा, ज्याच्यात प्रलयकाळी सगळे जीव शिरतात आणि सृष्टीच्या वेळी बाहेर पडतात, तरी त्याच्यात फरक पडत नाही. फार सुंदर दाखला आहे. मात्र तो अनंताच्या बाजूनं दिलेला आहे. अनंतातून एक वजा केला तर अनंताला काही होत नाही, हे खरं. ज्याचं माणूस वजा झालं त्याची बाजू त्या समीकरणात लिहिलेलीच नसते.

माझ्या बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर गणितात आहे. मी ते चुकीच्या खोलीत शोधत होतो, एवढंच. ‘किती’ या एका शब्दाखाली आपण निदान दोन वेगळे प्रश्न विचारत असतो. एक, नग किती? दुसरा, लांबी किती? धान्य मोजताना दाणे कुणी मोजत नाही, पायली मोजतात. कापड घेताना धागे मोजत नाहीत, मीटर मोजतात. कॅन्टरची एकास एक संगती नगांबद्दल बोलते. रबर ताणला तर नग तेवढेच राहतात, लांबी मात्र दुप्पट होते. आणि संगतीला ती दुप्पट झाल्याचा पत्ता नसतो. कॅन्टरला स्वतःला हे पचवायला जड गेलं होतं. १८७७ मध्ये त्याला आढळलं की रेघेच्या एका तुकड्यावरचे बिंदू आणि अख्ख्या चौरसातले बिंदू सारखेच आहेत. तेव्हा त्यानं मित्र डेडेकिंडला कळवलं की मला हे दिसतंय पण माझा विश्वास बसत नाही. लांबी असो, क्षेत्रफळ असो, या मोजणीला काहीच दिसत नव्हतं.

ही आंधळेपणाची हद्द पाहायची तर कॅन्टरनंच १८८३ साली मांडलेला एक संच पाहावा. शून्य ते एक अशी रेघ घ्या. तिचे तीन सारखे भाग करून मधला काढून टाका. उरलेल्या दोन तुकड्यांचं तसंच करा; प्रत्येकाचा मधला तिसरा भाग काढा. मग उरलेल्या चारांचं. हे असं न थांबता चालू ठेवा. काढलेल्या तुकड्यांची लांबी मिळवत जा: एक तृतीयांश, मग दोन नवमांश, मग चार सत्तावीसांश. न संपणारी ही बेरीज बरोबर एक येते. म्हणजे रेघेची सगळी लांबी गेली. तरीही काही बिंदू उरतात. त्यातल्या प्रत्येक बिंदूचा पत्ता ‘डावीकडचा तुकडा, उजवीकडचा, पुन्हा उजवीकडचा’ अशा न संपणाऱ्या वळणांनी सांगता येतो. आणि अशा पत्त्यांची संख्या किती? सुरुवातीला अख्ख्या रेघेवर जेवढे बिंदू होते, बरोबर तेवढीच.

नगांच्या हिशेबात काहीच कमी झालं नाही. लांबीच्या हिशेबात काहीच उरलं नाही. दोन्ही विधानं एकाच वस्तूबद्दल आहेत आणि दोन्ही सिद्ध झालेली आहेत.

वर्गात हा संच मी इतक्या वेळा शिकवलाय की खडू आपोआप चालतो. पण बहिणीचा प्रश्न मनात ठेवून तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला थोडा वेळ थांबावं लागलं. आपलं माणूस गेल्यावर आठवणी तेवढ्याच असतात. सगळे प्रसंग जागच्या जागी असतात, एकही नग हरवलेला नसतो. फोटो काढून मोजा, तेवढेच भरतील. तरी ‘कमी’ वाटतं, कारण जे गेलं ते नग नव्हतेच. पुढची लांबी गेली. तिचं विसावं वर्ष, तिसावं वर्ष, दोघींची न झालेली भांडणं. हे वाटणं गणिताच्या विरोधात नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये आंरी लबेगनं लांबीचं हे माप अशा भुसभुशीत संचांनाही लावता येईल असं पक्कं करून दिलं, आणि त्या मापात शून्य ते एक हे शून्य ते दोनच्या बरोबर निम्मं आहे.

म्हणजे हेझल काय म्हणत होती ते आता पुन्हा वाचता येतं. तिला हवी होती ती लांबी. ‘जास्त संख्या’ असं ती म्हणते तेव्हा तिला नग नको असतात, दिवस हवे असतात; आणि दिवस लांबीनं मोजले तर शून्य ते दोन हे शून्य ते एकपेक्षा मोठंच आहे, दहा लाख त्याहून मोठं. तिचं दुःख अचूक आहे. तिनं माप तेवढं चुकीच्या माणसाचं घेतलं. पट्टी हातात होती आणि ती बोलली कॅन्टरच्या भाषेत.

मग परिच्छेद चांगला की वाईट? माझं मत आता असं आहे. पहिल्या अर्ध्यात, जिथे मुलगी जास्त मागते, तिथे तो गणितातसुद्धा टिकतो. फक्त गणिताची शाखा बदलावी लागते. दुसऱ्या अर्ध्यात, जिथे ती छोट्या अनंताचे आभार मानते, तिथे तो घसरतो. कारण ‘छोटं’ हे लांबीच्या मापातलं आणि ‘अनंत’ हे नगांच्या मापातलं. दोन वेगळ्या मापांचे शब्द एकमेकांना चिकटवले की वाक्य गोंदवण्याजोगं होतं आणि नुकसान थोडं मऊ होतं. दुःखाबद्दलच्या लिखाणात मला याच मऊपणाची भीती वाटते. हे बोलणं हेझलच्या तोंडी, मरणाऱ्या मुलासमोर, त्याला धीर देण्यासाठी येतं तोवर ते क्षम्य आहे, प्रेमळही आहे. लाखो लोक ते संदर्भातून काढून आपापल्या जखमेवर लावतात तेव्हा ते औषध म्हणून अपुरं पडतं. माझं ‘दोन्ही सारखंच’ तर त्याहूनही अपुरं होतं. हेझलनं निदान कमी आहे ते कमी म्हटलं होतं. मी सिद्धतेसकट ते पुसायला निघालो होतो.

कॅन्टरवर लिहिताना लोक बहुधा एकच गोष्ट रंगवतात: अनंताकडे टक लावून पाहिलं आणि वेडा झाला. मानसिक आजारानं तो अनेकदा रुग्णालयात होता आणि ६ जानेवारी १९१८ रोजी हाले शहरातल्या उपचारगृहातच गेला, हे खरं आहे. पण आजाराचं कारण गणितात शोधणं म्हणजे पुन्हा तोच मऊपणा, फक्त उलट्या दिशेनं. त्याच्या चरित्रातली दुसरी एक नोंद मला जास्त जवळची वाटते. डिसेंबर १८९९ मध्ये तो लायपझिगला व्याख्यान द्यायला गेला असताना त्याचा धाकटा मुलगा रुडॉल्फ वारला. तेरा वर्षांचा व्हायला थोडेच दिवस राहिले होते. शून्य ते तेरा आणि शून्य ते ऐंशी यांत बिंदू सारखेच, हे ज्याच्या मापावरून ठरतं, तो हा बाप. त्या घरी जाऊन हे वाक्य त्याला ऐकवायची हिंमत कुणाची झाली असती? मी मात्र ते व्हॉट्सॲपवरून पाठवलं होतं.

गेल्या महिन्यात बहिणीला मी दुसऱ्यांदा समजावलं, या वेळी कागदावर रेघ काढून. मधला तिसरा भाग खोडला, मग पुढचे दोन, मग चार. पाचव्या-सहाव्या पायरीला पेनाची निब जाडी पडायला लागली. मी म्हटलं, तुला कमी वाटत होतं ते बरोबर होतं. मी चुकीची गोष्ट मोजत होतो. ती बराच वेळ त्या धुळीसारख्या ठिपक्यांकडे पाहत राहिली.

‘आणि हे उरलेले पहिल्याइतकेच आहेत?’

‘अगदी तेवढेच.’

‘पण रेघ नाही उरली.’

‘नाही.’

‘हां,’ ती म्हणाली. कागदाची घडी घालून तिनं तो फोनच्या कव्हरमागे ठेवून दिला. मग म्हणाली, चहा टाक.